मिउराचं इंजिन आडवं आहे, सगळं तिथूनच सुरू होतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लॅम्बोर्गिनी मिउरा या इटालियन स्पोर्ट्स कारवर पानभर मजकूर आला. फोटो देखणे होते. गाडीच तशी आहे. पण अर्धा लेख लिलावातल्या आकड्यांवर गेला आणि उरलेला अर्धा ट्रॅक्टरवाल्या फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनींनी क्लचवरून एन्झो फेरारींशी केलेल्या भांडणावर. भांडणाचा किस्सा खमंग आहे, म्हणूनच तो प्रत्येक लेखात असतो. कंपनी का निघाली हे त्यातून फार तर कळेल. मिउरा का झाली आणि साठ वर्षांनंतरही जाणत्या माणसांना तिचं वेड का आहे, हे मात्र कळत नाही.

आधी एक दुरुस्ती. 'रस्त्यावर धावणारी जगातली पहिली मिड-इंजिन गाडी' असं लेखात म्हटलं आहे. ते बरोबर नाही. सीट आणि मागचा आस यांच्यामध्ये इंजिन असलेली फ्रान्सची रने बॉने जेट १९६२ साली आली. इटलीतच एटीएस २५०० जीटी १९६३ मध्ये दाखवली गेली. मिउराचं नवेपण इंजिनाच्या जागेत नव्हतं, ते कसं ठेवलं यात होतं. बारा सिलिंडरचं चार लिटरचं इंजिन लॅम्बोर्गिनीच्या इंजिनिअरांनी सीटमागे आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, घातलं, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) त्याच्याच ओतीव कवचात बसवले. या गाडीचं रूप, आवाज, खोड्या, आजार, दुरुस्तीची बिलं, सगळं या एका निर्णयातून आलेलं आहे.

हा निर्णय मालकांचा नव्हता. फेरुच्चिओंना शर्यतीत रस नव्हता. त्यांना आरामात लांब पल्ला मारणारी, दणकट ग्रँड टूरर हवी होती. सांत'आगाता बोलोन्येझेच्या कारखान्यात मात्र जानपाओलो दालारा आणि पाओलो स्तान्झानी हे तिशीही न गाठलेले दोन इंजिनिअर आणि न्यूझीलंडहून आलेला चाचणी ड्रायव्हर बॉब वॉलेस, अशा तिघांच्या डोक्यात शर्यतच होती. इंजिन आधीच तयार होतं. इंजिनिअर जोत्तो बिझ्झारिनींनी आखलेलं ६० अंशांचं व्ही-१२, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या कललेल्या सहा-सहा सिलिंडरच्या दोन ओळी, प्रत्येक बाजूला व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट. मिउरासाठी ते ३,९२९ सीसीचं होतं: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६२ मिमी. आता हिशेब करा. एका ओळीत सहा सिलिंडर, म्हणजे नुसते बोअरच ४९२ मिमी. भिंती धरल्या की ओळ अर्ध्या मीटरच्या पुढे जाते, त्यात पुढची चेन आणि मागचा क्लच. हे धूड उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, ठेवून त्यामागे गिअरबॉक्स लावला असता, तर एक तर गाडी लांबुडकी झाली असती, नाही तर माणसांना पुढच्या चाकांवर बसावं लागलं असतं. ब्रिटिश मिनीने १९५९ मध्ये छोटं चार सिलिंडरचं इंजिन आडवं घालून गिअर त्याच्या तेलाच्या चेंबरमध्ये बसवले होते. दालारांनी तीच युक्ती बारा सिलिंडरना लावली. फरक इतकाच की मिनीचे गिअर इंजिनाखाली आहेत, मिउराचे मागे. त्यामुळे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, अडीच मीटरवर राहिला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात कंपनीने नुसता सांगाडाच मांडला. बॉडी नाही, काच नाही. वजन वाचवायला भोकं पाडलेले पत्र्याचे पेटीसारखे भाग, मागे आडवं इंजिन आणि पांढरे रंगवलेले सायलेन्सरचे पाइप. बघणाऱ्यांनी तो उघडा सांगाडाच डोळ्यांनी गिळला. अंगावर कपडे चढवायचं काम बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं. तिथे मार्चेल्लो गांदिनी, वय सत्तावीस. त्यांच्या आधीचे डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो नुकतेच बेर्तोने सोडून गिया या तशाच दुसऱ्या कंपनीकडे गेले होते, त्यामुळे रेषा नेमक्या कुणाच्या यावर पुढे वर्षानुवर्षं शाब्दिक चकमकी झाल्या. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात पूर्ण गाडी उभी राहिली. नाव स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांचे पैदासकार दॉन एदुआर्दो मिउरा यांच्यावरून. (आपल्या लेखात ते एकदा 'मियुरा' आणि दोनदा 'म्युरा' छापलं आहे. उच्चार मिउरा.)

ती इतकी देखणी का दिसते, याचं उत्तर अनेक जण कवितेत देतात. ते टेपने मोजूनही देता येतं. उंची साडेतीन फूटही नाही, नेमकी सांगायची तर सुमारे १,०५० मिमी. लांबी ४,३६० मिमी. बॉनेटखाली इंजिन नसल्याने नाक जमिनीलगत उतरवता आलं, तिथे फक्त रेडिएटर, पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. बसायची जागा मधोमध आली. मागचा भाग रुंद आहे, कारण आडवं इंजिन रुंदीच मागतं. म्हणजे मागच्या चाकांवरचा तो फुगीर खांदा उगाच काढलेला नाही, खाली बारा सिलिंडर पसरले आहेत. मागच्या काचेच्या जागी काळ्या पट्ट्या आहेत, कारण इंजिनाची गरम हवा कुठून तरी निघायला हवी. हेडलाइट फियाट ८५० स्पायडरचे. तीही बेर्तोनेचीच गाडी. ते बंद असताना आकाशाकडे बघत आडवे पडतात आणि लावले की मोटरवर उभे राहतात. भोवतीच्या काळ्या पापण्या ही तेवढी हौस. बॉनेटवर दोन जाळ्या आहेत, त्यातल्या एकीखाली पेट्रोल भरायचं झाकण. काही बटणं डोक्यावर, छताला. सामानाची डिक्की इंजिनाच्या मागे, त्यामुळे तिच्यात चॉकलेटचा डबा ठेवू नये.

आत बसल्यावर काय होतं, तेही त्या आडव्या इंजिनामुळेच. पुढची सिलिंडरची ओळ पाठीपासून वीतभरावर, मध्ये भिंत आणि काच. तिचे एक्झॉस्ट पाइप इंजिन आणि केबिन यांच्या फटीतून खाली उतरतात, म्हणून पाठ भाजते. कानामागे एकाच वेळी चेनची खळखळ, बारा तोंडांनी हवा ओढण्याचा आवाज आणि गिअरचं रडणं ऐकू येतं. इतर व्ही-१२ गाड्यांत हे आवाज पुढे आणि लांब असतात. इथे ते मानगुटीवर बसतात. मिउराची ओढ ज्यांना लागते त्यांना बहुतेक या आवाजानेच लागते, किमतीने नाही.

आता खोड्या. लेखात त्या 'स्वभाव' या एका शब्दात उरकल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. जुन्या गाड्यांची हौस महाराष्ट्रात वाढते आहे, आणि यातल्या पुष्कळ गोष्टी कुठल्याही जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) गाडीला लागू आहेत. कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० किंवा पद्मिनी ज्यांच्या दारात आहे, त्यांनाही.

पहिली आणि सर्वांत गंभीर खोडी म्हणजे आग. मिउरा जळाल्याच्या हकिगती दंतकथा नाहीत, आणि कारण सांगता येण्यासारखं आहे. इंजिनाच्या डोक्यावर वेबर कंपनीचे चार कार्ब्युरेटर उभे आहेत, प्रत्येकाला तीन नळ्या, एकूण बारा. हा ४० आयडीएल जातीचा कार्ब्युरेटर शर्यतीच्या धाटणीचा आहे. त्याला पूर्ण रेस आवडते. ट्रॅफिकमध्ये स्लोवर उभं राहणं त्याला सोसत नाही. फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी जरा वर असेल किंवा पंपाचा दाब जास्त असेल तर पेट्रोल वर चढून तोंडाशी साचतं. सिग्नल सुटला की ड्रायव्हर दणकून पाय दाबतो, इंजिन कार्ब्युरेटरमधून एक बॅकफायर मारतं, आणि साचलेलं पेट्रोल पेटतं. दुसरा प्रकार गाडी बंद केल्यावरचा. हवा थांबते, दोन्ही ओळींची उष्णता वर जाते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून बाहेर सांडतं, आणि खाली तापलेलं लोखंड असतंच. यात पन्नास वर्षांचा कडक झालेला रबरी पाइप जोडला की काम तमाम.

यावरचे उपाय साधे आहेत, पण क्रमाने करायचे. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलावेत, एकही 'हा चांगला दिसतोय' म्हणून ठेवू नये. पाइपावर एसएई जे३० आर९ छापलेलं असावं. त्याचं आतलं अस्तर फ्लुओरो-रबराचं असतं आणि ते इथेनॉलला टिकतं. नुसता 'पेट्रोल पाइप' म्हणून मीटरवर मिळणारा काळा पाइप टिकत नाही. क्लॅम्प गोल कडेचे घ्यावेत. खाचांच्या पट्टीचे स्वस्त क्लॅम्प मऊ पाइप कापतात. पंपाचा दाब गेज लावून मोजावा. वेबरला ३ ते ३.५ पीएसआय पुष्कळ झाला, त्यापुढे गेला तर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह दाब धरत नाही. दाब जास्त असेल तर रेग्युलेटर बसवावा. मग फ्लोटची उंची, तीही चारही कार्ब्युरेटरची एकाच पट्टीने. सुरू करताना इग्निशन देऊन पंपाची टिकटिक मंदावेपर्यंत थांबायचं, ॲक्सिलरेटर एक-दोनदाच मारायचा आणि सेल्फ मारायचा. सवयीने पाच-सहा वेळा पंप करणारा माणूस स्वतःच काडी लावतोय. बंद करण्याआधी थोडं मोकळ्या रस्त्यावर चालवून इंजिन निवू द्यावं, आणि उभी केल्यावर मागचं झाकण काही वेळ उघडं ठेवावं.

अग्निशामक सीटजवळ हवाच, पण तो कोरड्या पावडरचा नको. एबीसी पावडर विझवते खरी, पण ती अमोनियम फॉस्फेट असते. ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांच्या सांदीत शिरली आणि ओल लागली की धातू खायला सुरुवात करते. वायूचा, मागे काही न ठेवणारा सिलिंडर महाग असतो, तरी तोच घ्यावा.

इथेनॉलचा मुद्दा आपल्याकडे वेगळा लिहावा लागतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ते पाणी ओढतं, महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज चढवतं, जुन्या रबराला फुगवतं. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १ असतं, वीस टक्के मिश्रणाचं १३.५ च्या आसपास. जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) तेच ठेवले तर इंजिन सुमारे ८ टक्के 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं. मग तापतं, उतारावर फटफट करतं, पिकअपला अडखळतं. वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० म्हणजे १.२० मिमी. १२० काढून १२५ घातला की भोकाचं क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढतं, आणि हिशेब बरोबर जुळतो. भोक रीमर घालून मोठं करू नये. रीमरने कडा बदलते, मग आकड्याला अर्थ उरत नाही. आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाट्या रिकाम्या कराव्यात.

बारा नळ्या जुळवणं हा या गाडीचा खरा रियाज. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, त्याआधी सुरुवातच करू नये. प्लग, पॉइंट आणि टायमिंग आधी, कार्ब्युरेटर शेवटी. इग्निशनचा दोष बऱ्याचदा कार्ब्युरेटरच्या नावावर खपतो. मिउराला दोन डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारे भाग) आहेत, ते एकमेकांशी जुळले नाहीत तर एक ओळ दुसरीपेक्षा मागे धावते आणि कितीही स्क्रू फिरवा, स्लो बसत नाही. मग लिंकेज (चौघांना एकत्र हलवणारे दांडे) सोडून चारही कार्ब्युरेटर सुटे करायचे. प्रत्येक तोंडावर हवा मोजायचं मीटर ठेवायचं आणि थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) स्क्रू फिरवून चारही सारखे आणायचे. त्यानंतर मिश्रणाचे बारा स्क्रू एकेक करून: आत घेत इंजिन मंदावेपर्यंत, मग बाहेर घेत सर्वांत गुळगुळीत चालेपर्यंत. हवा पुन्हा तपासायची, कारण मिश्रणाने आरपीएम हलतो. शेवटी लिंकेज जोडून दोन हजार आरपीएमवर पुन्हा मोजायचं. स्लोवर जुळलेलं इथे बिघडलं तर दोष लिंकेजच्या झिजलेल्या सांध्यात आहे. आणि थ्रॉटलचा दांडा हाताने वरखाली हलत असेल तर जुळवत बसू नका. त्या फटीतून मोजमापाबाहेरची हवा शिरते, ती कुठल्याच स्क्रूने बंद होत नाही. दांडा आणि बुश बदलणं हाच इलाज.

दुसरी मोठी खोडी तेलाची. मिउराची तीन मॉडेलं: पी४००, मग एस, शेवटी एसव्ही. त्यातल्या पी४०० आणि एसमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात न्हातात. मिनीत हे खपून गेलं. साडेतीनशे अश्वशक्तीच्या इंजिनात ते महागात पडतं. गिअरच्या दातांना दाब सोसणारं, गंधक-फॉस्फरसचं तेल आवडतं. तेच तेल इंजिनातल्या पिवळ्या धातूंना खातं. इंजिनाला जे हवं त्यात गिअरचं भागवावं लागतं. म्हणून या गाडीत जाड, २०डब्ल्यू-५० मिनरल तेल, ज्यात जस्ताचं झिजविरोधी प्रमाण चांगलं आहे असं, आणि तेही लवकर लवकर बदलायचं. डब्यावर नव्या गाड्यांचं 'लो-ॲश' वगैरे लिहिलेलं तेल घेऊ नये, त्यात जस्त मुद्दाम कमी केलेलं असतं. गिअर घासले की त्यांचा चुरा त्याच तेलातून मेन बेअरिंगकडे जातो. गिअर बदलताना केलेल्या धसमुसळेपणाचं बिल क्रँकशाफ्टवर येतं, असा प्रकार फार थोड्या गाड्यांत आहे.

त्यामुळे तेल काढताना ते नुसतं पत्र्याच्या डब्यात ओतून मोकळं होऊ नये. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर ठीक. ती रोजची झीज. बोटाला टोचणारी लोखंडी कुसळं असतील तर गिअरचे दात किंवा सिंक्रो (गिअर जुळवणारं कडं) मोडतोय. पण बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, हे बरेच जण विसरतात. त्यासाठी फिल्टर कापावा, कागद उलगडून पांढऱ्या कपड्यावर पिळावा आणि उन्हात तिरका धरावा. चमचमणारे रुपेरी पापुद्रे दिसले तर गाडी पुढे चालवू नये, तेलाचा चेंबर उतरवावा. लांब आणि वेगवान वळणात तेल रुंद चेंबरच्या एका कडेला धावतं आणि पंपाचं तोंड क्षणभर कोरडं पडतं, हा आणखी एक दोष. तेलाच्या दाबाचा काटा वळणात खाली पडत असेल तर तेलाची पातळी खूण गाठेपर्यंत भरलेली आहे ना, हे आधी बघा. इंजिन थंड असताना तीन हजार आरपीएमपुढे जाऊ नये. पाणी लवकर तापतं, तेल उशिरा, म्हणून नजर तेलाच्या काट्यावर. तोवर दुसरा गिअरही ढकलू नये.

कंपनीलाही हे कळलं होतं. १९७१ ते १९७३ मध्ये बनलेल्या एसव्हीच्या उत्तरार्धातल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं केलं. आणि पुढची गाडी, कुंताश, आली तेव्हा स्तान्झानींनी इंजिन सरळ उभं फिरवून टाकलं, गिअरबॉक्स पुढे, दोन सीटच्या मध्ये. तिच्या एलपी या नावातला एल म्हणजे लाँजितुदिनाले, उभं. आडव्या व्ही-१२ चा प्रयोग ज्यांनी केला त्यांनीच तो गुंडाळला. म्हणून मिउरासारखी दुसरी गाडी नाही, आणि तिची दुर्मिळता नुसती संख्येची नाही. संख्या सांगायची तर पी४०० २७५, एस ३३८ आणि एसव्ही १५०.

तिसरी गोष्ट नाक उचलण्याची. टाकी पुढे आहे. भरलेली असताना पुढचा भाग दबून राहतो, पेट्रोल संपत येतं तसा हलका होतो. त्यात नाकाच्या आकारामुळे वेगात वारा खालून उचलतो. ताशी सव्वादोनशेच्या पुढे स्टिअरिंग पोकळ लागतं ते यामुळे. आपल्याकडे हा वेग कुणी गाठू नये आणि गाठायला रस्ताही नाही, तरी टाकी अर्ध्यावर आली की भरावी. टायर नक्षीवरून पारखू नयेत, कडेवरच्या चार आकडी तारखेवरून पारखावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, नक्षी कितीही नवी दिसो.

पत्र्याबद्दल थोडं. मधला भाग पोलादाचा, पुढचं आणि मागचं उघडणारं झाकण ॲल्युमिनियमचं. सांगाडा मोदेनात मार्केझीकडे होत असे, बॉडी तुरिनजवळ बेर्तोनेकडे, जोडणी सांत'आगाताला. सुरुवातीच्या गाड्यांत सांगाड्याचा पत्रा ०.९ मिमीचा होता, पुढे १ मिमी केला. गंजाने किती खाल्लं की भोक पडेल, याचा अंदाज त्यावरून यावा. हलकेपणासाठी पाडलेल्या त्या सुंदर भोकांतूनच पाणी आत जातं आणि पेटीसारख्या भागात बसून राहतं. चुंबक घेऊन दाराखालच्या पट्ट्यांवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ॲल्युमिनियमवर तो मुळात चिकटणारच नाही, तिथे ठोकून आवाज ऐकावा लागतो. दोन धातू जिथे भेटतात, म्हणजे बिजागऱ्या आणि ब्रॅकेट, तिथे ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन फुगतं. नुसता रंग मारून ते थांबत नाही. सुटं करून, इपॉक्सी प्रायमर देऊन, मध्ये विद्युतरोधक पट्टी घालूनच जोडावं लागतं. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे दुप्पट वेगाने होतं.

विजेचं काम फार लिहिण्यासारखं नाही. दहातल्या आठ तक्रारी अर्थिंगच्या असतात. हेडलाइट एकच उठला, काटे एकदम नाचले, पंखे मंद फिरले, की आधी बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या दोन पट्ट्या घासून घट्ट करा. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने पाण्याचे पाइप लांब आहेत, त्यात हवा अडकते. नाक उंचावर ठेवून, वरचा नट उघडून, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरावं. नाही तर तापमानाचा काटा शांत दिसतो आणि इंजिनाचं हेड वाकतं.

शेवटी नोंदणीबद्दल. लेखात 'अशी गाडी आपल्याकडे कुणी रोज चालवली तर!' असं एक वाक्य आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच. आणि अट आहे की ती मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. सगळ्या मिउरा आता पन्नाशीच्या पुढे आहेत, पद्मिनीच्या आधीच्या सगळ्या फियाटही. पद्मिनीत डिझेल इंजिन किंवा मारुतीचा गिअरबॉक्स बसवून 'प्रॅक्टिकल' करणाऱ्यांनी ही अट आधी वाचावी. मिउराच्या बाबतीत तर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि बेर्तोनेचा बॉडी क्रमांक हे तिन्ही कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का, हे पैसे देण्याआधी बघायचं असतं. कंपनीचा पोलो स्तोरिको हा विभाग २०१५ पासून त्या नोंदी तपासून प्रमाणपत्र देतो. त्या काळात अपघातात इंजिनं बदलली गेली, दोन गाड्यांची एक झाली, आणि महागड्या एसव्हीच्या सोंगात पी४०० विकल्या गेल्या.

तेवढ्यावरून, पान ३ वरच्या मोठ्या फोटोखालची ओळ दुरुस्त करावी. तिथे 'मिउरा एसव्ही' छापलं आहे. हेडलाइटभोवती पापण्या आहेत, पण एखाद्या एसव्हीलाही त्या लावून घेतलेल्या सापडतात, म्हणून तेवढ्यावर मी भर देत नाही. मागचं चाक बघा. एसव्हीची मागची रिम ९ इंच रुंद, पुढची ७, आणि तिला सामावून घ्यायला मागचा खांदा बाहेर काढलेला असतो. फोटोतली गाडी पुढून-मागून सारख्याच रुंदीच्या टायरवर उभी आहे. खिडकीभोवती आणि हेडलाइटच्या कडेला क्रोमची पट्टी चमकते आहे. ती पी४०० एस आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे